दुपारचा श्वास

हत्तुरे मॅडम त्या महिन्यात तिसऱ्यांदा सेवा केंद्रात आल्या, तेव्हाही यंत्राचा अहवाल हिरवाच आला.

श्रीलता येमूलने पडद्यावरच्या ओळी पुन्हा वाचल्या. दाब ठीक, हवेचं माप ठीक, बॅटरी ठीक, गळती नाही. शेवटी एक वाक्य होतं: ‘रुग्णात मानसिक अस्वस्थतेची लक्षणे. समुपदेशनाची शिफारस.’ गेल्या पाच आठवड्यांत यंत्राने ही शिफारस एकेचाळीस वेळा नोंदवली होती.

शिवलीला हत्तुरे सोलापुरातल्या महानगरपालिकेच्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवायच्या. वय चव्वेचाळीस. स्नायू हळूहळू दुबळे करणारा आजार त्यांना तिशीतच जडला होता. आधी पाय गेले, मग दंड, आणि सहा वर्षांपूर्वी छातीच्या स्नायूंनीही हात टेकले. तरी त्या रोज चाकाच्या खुर्चीतून वर्गावर जायच्या. खुर्चीच्या मागे, पाठीशी, जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र बसवलेलं असायचं. त्याचं नाव सहश्वास.

२०४४ साली सहश्वास ही काही नवलाची वस्तू राहिली नव्हती. जुने व्हेंटिलेटर ठरावीक वेळाने ठरावीक हवा फुप्फुसांत ढकलत. माणसाला बोलायचं असो, हसायचं असो, यंत्राला त्याचं सोयरसुतक नसे. सहश्वास तसं नव्हतं. छातीवर चिकटवलेल्या नाण्याएवढ्या पट्टीतून ते श्वासपटलाकडे जाणारा विजेचा क्षीण संदेश ऐकायचं. मेंदूने ‘श्वास घे’ म्हटलं आणि स्नायूला ते जमलं नाही, की यंत्र तो श्वास पुरा करायचं. सहा-सात आठवड्यांत ते आपल्या माणसाची लय शिकायचं. माणूस बोलायच्या बेतात आहे हे त्याला आधीच कळायचं, आणि मग ते श्वास जरा खोल द्यायचं, सोडताना जरा थांबायचं. त्यामुळे हत्तुरे मॅडम फळ्यासमोर सलग पाऊण तास बोलू शकत होत्या. रात्री त्या पलंगाजवळच्या जुन्या मोठ्या व्हेंटिलेटरवर झोपायच्या. सहश्वास तेवढा वेळ चार्जिंगच्या बैठकीवर असायचं, उबदार हवा फिरवून स्वतःला आतून कोरडं करायचं आणि पहाटे पाच वाजता स्वतःची तपासणी करून अहवाल पाठवायचं.

या अहवालावर लोकांचा इतका विश्वास बसला होता की डॉक्टर, विमा, सरकारी कचेऱ्या सगळे तोच मागत. माणूस काय म्हणतो ते नंतर.

मॅडमची बहीण महानंदा खुर्ची धरून उभी होती. तिने सांगितलं, की शिक्षण विभागाने चौकशी लावली आहे. मॅडम दुपारच्या तासाला मध्येच थांबतात, त्यांना घाम येतो, डोकं दुखतं, अशी तक्रार गेली होती. विभागाने यंत्राचा अहवाल मागवला. त्यात अस्वस्थता निघाली. आता दहा दिवसांनी, सोमवारी, समिती बसणार होती आणि मॅडमना वर्गावरून काढून कार्यालयात बसवायचं जवळजवळ ठरलंच होतं.

मॅडमनी मांडीवरची वही श्रीलतापुढे सरकवली. त्यांची बोटं थरथरत होती, पण वहीतली अक्षरं बहिणीकडून नीट लिहवून घेतलेली होती. त्यांनी एक साधी मोजणी केली होती. पायथागोरसचं प्रमेय एका श्वासात म्हणायचं: ‘काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो.’ अकरा शब्द. शाळेत गेल्यावर, अकरा वाजता, पूर्ण. साडेबाराला ‘बाजूंच्या’पाशी तुटतं. दोन वाजता ‘हा इतर’च्या पुढे जात नाही. पंचवीस दिवस, दिवसातून तीन वेळा, न चुकता.

“मी घाबरले असते तर रोज वेगळ्या जागी अडले असते,” मॅडम म्हणाल्या. “हे आकडे घाबरलेल्या माणसाचे नाहीत.”

श्रीलताने वही दोनदा चाळली. मग यंत्र ठेवून घेतलं. नियमाप्रमाणे हिरव्या अहवालाचं यंत्र ठेवून घेता येत नव्हतं, म्हणून तिने पावतीवर ‘बाह्य स्वच्छता’ असं लिहिलं. मॅडमना दोन-तीन दिवस घरी, जुन्या यंत्रावर राहावं लागणार होतं. त्यांनी शाळेत रजा कळवली.

*

श्रीलता एकतीस वर्षांची होती. वैद्यकीय उपकरणांची पदविका तिने पहिल्या वर्गात मिळवली होती. पण नोकरीत तिने आठ वर्षांत एकही यंत्र उघडलं नव्हतं. सहश्वास सीलबंद यायचं. बिघडलं तर स्वतःच सांगायचं, मग ते खोक्यात घालून पुण्याला पाठवायचं आणि दुसरं द्यायचं. सील तुटलं की आतला खटका पडायचा आणि यंत्र अगदी साध्या, जुन्या पद्धतीच्या चाकोरीत जायचं. शिकलेली लय कुलूपबंद व्हायची. ते कुलूप फक्त कंपनी उघडू शकायची. उघडणाऱ्या तंत्रज्ञाचा परवाना जायचा.

तिचे वडील अंबादास येमूल सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर चाळीस वर्षं जॉबर होते. माग अडला की जॉबरला हाक जायची. तो कान देऊन ऐकायचा, हात घालायचा आणि माग सुरू करायचा. मुलगी ‘श्वासाची यंत्रं दुरुस्त करते’ असं ते गल्लीत अभिमानाने सांगायचे. त्या वाक्याने श्रीलताला आतून कानकोंडं व्हायचं, कारण ती खोकी पाठवण्यापलीकडे काही करत नव्हती.

त्या संध्याकाळी तिने सहश्वास घरी आणलं आणि आईची लोणच्याची उंच काचेची बरणी मागून घेतली.

यंत्र म्हणत होतं, एका श्वासाला साडेचारशे मिलिलिटर हवा देतो. हे खरं की खोटं, हे यंत्रालाच विचारून उपयोग नव्हता. श्रीलताने बरणीत पन्नास-पन्नास मिलिलिटर पाणी मोजून ओतलं आणि प्रत्येक वेळी बाहेरून रेघ मारली. मग रबराची पिशवी वजन बांधून तळाशी बुडवली आणि तिची नळी यंत्राला जोडली. पिशवीत हवा गेली की ती फुगणार, आणि जेवढी फुगेल तेवढंच पाणी वर चढणार. यात कुठली चतुराई नव्हती, म्हणून यात खोटं निघायलाही जागा नव्हती.

पाणी चढलं. नऊ रेघा. साडेचारशे.

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी टाकली आणि यंत्र सकाळपासून दुपारी चारपर्यंत चालू ठेवलं. दर अर्ध्या तासाला ती रेघा मोजत होती. नऊ, नऊ, नऊ. दुपारी दोन वाजताही नऊच. संध्याकाळी ती बरणीसमोर बसून राहिली. यंत्र खरं बोलत होतं. मग वही खोटी होती का? क्षणभर तिला तसं वाटलंही, आणि त्या वाटण्याची तिला लाज वाटली.

रविवार गेल्यावर, सोमवारी सकाळी तिने यंत्र मॅडमना परत दिलं आणि त्यांची परवानगी घेऊन वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसली. शाळा टॉवेलच्या कारखान्यांना लागून होती. उघड्या खिडक्यांतून मागांचा खडखडाट येत होता. मॅडमनी तो कसा कोण जाणे आपल्या आवाजाखाली घेतला होता. अकरा वाजता त्या एकसंध, ठाम वाक्यं बोलत होत्या. एक वाजता त्यांची वाक्यं आखूड झाली. दोनच्या तासाला त्या पाच-सहा शब्द बोलून थांबत होत्या, मानेच्या शिरा ताणल्या जात होत्या, आणि पडद्यावर हिरवा दिवा जळत होता. श्रीलताने शेजारच्या बाकावर बोट फिरवलं. बोटाला निळसर, मऊ धूळ लागली.

घरी येऊन तिने वडिलांना सगळं सांगितलं. शाळेत अडतं, घरी अडत नाही; सकाळी अडत नाही, दुपारी अडतं. अंबादासना व्हेंटिलेटरातलं काही कळत नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं की तुझी पिशवी कोरडी होती की ओली.

“कोरडी,” ती म्हणाली.

“माणसाचा श्वास कोरडा असतोय का?” ते म्हणाले. “सूत वलं झालं की फुगतंय, पोरी. कोरडं असताना मागाच्या फणीतनं सरळ जाणारा धागा वलाव्यात गच्च बसतोय.”

श्रीलताने कागद ओढला.

यंत्राच्या तोंडाशी एक जाळी होती, केसाहून बारीक पोलादी तारांची. आत जाणारी आणि बाहेर येणारी, दोन्ही हवा तिच्यातूनच जायची. जाळीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतला फरक मोजून यंत्र ठरवायचं की किती हवा गेली. फरक जास्त, म्हणजे हवा जास्त. हे गणित बरोबर होतं, जोवर जाळी मोकळी होती. पण जाळीवर सुताची धूळ बसली तर? थोड्याच हवेला अडथळा जास्त होणार, दाबातला फरक वाढणार आणि यंत्राला वाटणार की भरपूर हवा गेली. मग ते हात आखडणार. बाहेर येणारी हवाही त्याच जाळीतून मोजली जाणार, तीही तेवढीच फुगवून. दिलेली आणि परत आलेली हवा जुळणार. यंत्राला संशय यायला कारणच नाही. मग छातीवरची पट्टी ओरडून सांगत राहिली की या बाईला अजून हवा हवी आहे, तरी यंत्र एकच अर्थ काढणार: हवा पुरेशी आहे, बाई घाबरली आहे.

आणि सकाळी? रात्रभर कोरड्या झालेल्या जाळीवर ते तंतू सुकून बारीक झालेले. पहाटेची तपासणी निर्दोष. डॉक्टरांची वेळही नेहमी सकाळचीच, म्हणून रक्ताची तपासणीही निर्दोष. दुपारपर्यंत मॅडमच्या स्वतःच्याच श्वासाची वाफ त्या तंतूंना फुगवत नेणार.

दुसऱ्या दिवशी तिने यंत्र पुन्हा मागून आणलं. या वेळी पिशवीत चमचाभर कोमट पाणी घातलं आणि बरणीतलं पाणी अंगाच्या उबेइतकं गरम ठेवलं. छातीविकाराचे डॉक्टर झुबेर सौदागर यांना तिने साक्षीला बोलावलं. मॅडमवर सहा वर्षं तेच उपचार करत होते, आणि समुपदेशनाच्या चिठ्ठीवर सहीही त्यांचीच होती. ते आले, स्वयंपाकघरातली बरणी पाहून किंचित हसले आणि स्टुलावर बसले.

दहा वाजता नऊ रेघा. बाराला आठ. एक वाजता साडेसहा. पावणेदोनला पाणी सहाव्या रेघेपाशी थांबलं. पडद्यावर अजून साडेचारशे होते, आणि बरणीत तीनशे.

डॉक्टरांनी बरणीवरच्या रेघा स्वतः पुन्हा मोजल्या. मग चष्मा काढून पुसत ते म्हणाले, की मी या बाईंना झोपेच्या गोळ्या देणार होतो. श्वास आधीच कमी पडत असलेल्या माणसाला त्या गोळ्यांनी काय झालं असतं, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

*

पुण्याच्या कार्यालयातले विभागप्रमुख परचुरे यांचं बोलणं सौम्य होतं. श्रीलताने पाठवलेलं चित्रण त्यांनी पाहिलं होतं. पण बरणी हे मान्यताप्राप्त मोजमाप नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. यंत्र पुण्याला पाठवा, बाईंना नवं देऊ, चौकशी सहा-आठ आठवड्यांत होईल. तोवर याविषयी कुठे काही लिहू नका.

नवं यंत्र घेतलं असतं तर तक्रार मिटली असती. पण त्याला मॅडमची लय शिकायला सहा आठवडे लागणार होते, आणि समिती सहा दिवसांवर आली होती. शिवाय तेही शाळेच्या त्याच हवेत राहणार होतं. आणि पूर्व भागात अशी आणखी त्रेसष्ट यंत्रं होती. श्रीलताने यादी काढून पाहिली होती. त्यातल्या अठ्ठावीस जणांच्या अहवालावर ‘अस्वस्थता’ लिहिलेलं होतं.

ती मॅडमच्या घरी गेली आणि सगळं खरं खरं सांगितलं. उघडलं तर दोष दिसेल, बहुधा दुरुस्तही होईल. पण यंत्र चाकोरीत जाईल, कंपनीने कुलूप काढलं नाही तर सहा वर्षांची लय गेली असं समजायचं. जुन्या मोठ्या यंत्राइतकाच श्वास मिळेल, वर्गात बोलता येणार नाही. आणि माझा परवाना जाईल, हेही तिने सांगितलं, पण शेवटी.

मॅडमनी महानंदाला पाणी मागितलं, दोन घोट घेतले.

“वही वाचणाऱ्या तुम्ही पहिल्या,” त्या म्हणाल्या. “उघडा. माझं यंत्र बंद पडलं तर मी घरी बसेन. पण त्या अठ्ठावीस जणांना वेडं ठरवून घरी बसवलेलं मला चालणार नाही.”

श्रीलताने ते गुरुवारी सकाळी उघडलं, डॉक्टर सौदागरांच्या दवाखान्यात, कॅमेरा लावून. तिने सीलची पट्टी कापली. खटका पडल्याचा बारीक आवाज आला. पडद्यावरचा हिरवा दिवा विझून पिवळा लागला.

आधी हवा घेण्याची बाजू. गाळणी जागेवर होती, स्वच्छही होती. पण तिच्याभोवतीची रबरी कडी सोलापूरच्या सहा उन्हाळ्यांनी कडक होऊन एका बाजूला आखडली होती. तिथे नखाएवढी फट होती. गाळणीतून धूळ जात नव्हती. जी जात होती ती तिच्या बगलेतून. मग तिने जाळीचं घर सोडवलं आणि चिमट्याने जाळी उचलून दिव्याखाली धरली.

जाळीच्या एका अंगाला पातळ, निळ्या सुताची चादर विणल्यासारखी बसली होती. डॉक्टरांनी भिंग मागून घेतलं. अंबादास दाराशी उभे होते. त्यांनी तिथूनच सांगितलं की तो निळा रंग शाळेमागच्या कारखान्यातल्या टॉवेलांचा आहे, काठाला लावतात तो.

ब्रश लावला असता तर तारा वाकल्या असत्या. श्रीलता जाळी घेऊन एका सराफाकडे गेली. दागिने धुण्यासाठी त्याच्याकडे कंपनं सोडणारं भांडं होतं. ते तिने स्वतः घासून स्वच्छ केलं, त्यात शुद्ध पाणी घातलं आणि जाळी चार वेळा धुतली. चौथ्या वेळी पाण्यात एकही तंतू उरला नाही. रबरी कडीसाठी डॉक्टरांनी नव्या, न वापरलेल्या मास्कची सिलिकॉनची गादी दिली. अंबादासनी आपली जुनी पंचची पेटी आणली होती. त्यांनी दोन वेळा माप घेतलं, एकदाच ठोकलं आणि गोल कडी काढून मुलीच्या तळहातावर ठेवली. ती चपखल बसली.

मग तपासणी. श्रीलताने त्यात कसलीही घाई केली नाही. गळती पाहिली, दाब पाहिला, नळी दाबून धरून इशाऱ्याची घंटा वाजते का ते पाहिलं, नळी निसटल्यावर वाजते का ते पाहिलं, वीज काढून बॅटरीवर पाच तास चालवलं. मग कोमट पाण्याची पिशवी आणि बरणी, अख्खा शुक्रवार. सकाळी नऊ रेघा. दुपारी दोनला नऊ. संध्याकाळी सहाला नऊ.

शनिवारी डॉक्टरांनी हाताने दाबायची श्वासाची पिशवी तयार ठेवून ते यंत्र मॅडमना लावलं. चाकोरीतला श्वास होता, ठोकळेबाज, पण पुरा होता. तासाभराने रक्त तपासलं. दुपारी दोन वाजता. अहवाल निर्दोष निघाला, आणि मॅडमचं डोकंही दुखत नव्हतं. बोलायला मात्र त्यांना जमेना. यंत्र त्यांच्या वाक्याच्या मध्येच हवा ढकलत होतं. त्यांनी हाताने खूण केली, ठीक आहे.

त्याच दिवशी श्रीलताने सगळे आकडे, वहीची पंचवीस पानं, जाळीची छायाचित्रं आणि चित्रण कंपनीच्या रचना विभागाला पाठवलं. परचुरेंना प्रत पाठवली. परचुरेंचं उत्तर तासाभरात आलं: परवाना निलंबित. रचना विभागाकडून काहीच आलं नाही.

रविवारी दुपारी फोन आला. बोलणारी बाई केतकी गानू. ती जाळी तिने बनवली होती. तिने स्वतःची ओळख याच शब्दांत करून दिली. शनिवारी रात्रीच तिने प्रयोगशाळेतल्या एका यंत्राची कडी काढून आत टॉवेलाची धूळ सोडली होती आणि ओलसर हवेवर चालवत ठेवलं होतं. सकाळी मापात तीस टक्के चूक आली. आमच्या प्रयोगशाळेत हवा गाळून येते, ती म्हणाली, तिथे धूळ नव्हतीच कधी. मग तिने विचारलं की बरणीच्या रेघा कशा मारल्या. श्रीलताने सांगितलं. गानूने ते लिहून घेतलं, एक-दोन बारकावे परत विचारले.

“येमूल, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं,” ती म्हणाली. “तुमच्या आलं. कुलूप मी माझ्या सहीने काढते आहे. उद्या सकाळी यंत्र त्यांना ओळखेल.”

*

समितीची वेळ सकाळी अकराची होती. डॉक्टर सौदागरांनी लेखी मागणी करून ती दुपारी दोनची करून घेतली. कारणही त्यांनी लिहिलं होतं: या रुग्णाला आजवर सर्वांनी सकाळी तपासले, आणि त्यात मीही होतो.

कचेरीत पंखा फिरत होता. समितीत तिघं होते. अध्यक्षांनी आधी यंत्राचा अहवाल वाचून दाखवला, एकेचाळीस नोंदींचा. मग डॉक्टरांनी रक्ताचे दोन अहवाल ठेवले, एक सकाळचा जुना आणि एक परवा दुपारचा. श्रीलताने बरणीचं चित्रण दाखवलं आणि जाळीचं छायाचित्र. एका सदस्याने विचारलं, की यंत्राचा शब्द खोटा मानायचा आणि लोणच्याच्या बरणीचा खरा, असं म्हणता का? श्रीलता म्हणाली, की यंत्र खोटं बोलत नव्हतं, त्याला दिसत होतं तेवढं ते सांगत होतं. ज्यांना त्रास होत होता त्यांना मात्र कोणी विचारलं नाही.

मग अध्यक्ष मॅडमकडे वळले. काही सांगायचं आहे का?

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. हत्तुरे मॅडमनी मान जरा उचलली. सहश्वासने त्यांचा बोलण्याचा बेत ओळखला आणि श्वास खोल दिला.

“काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो,” त्या म्हणाल्या, एका दमात, शेवटचा शब्दही पहिल्याइतकाच स्पष्ट. आणि मग पुढच्या श्वासात त्यांनी समितीला त्याची सिद्धता सांगायला सुरुवात केली. कोणी थांबवलं नाही. सिद्धता पूर्ण होईपर्यंत तिघंही ऐकत राहिले. महानंदाने तोंड फिरवून पदराने डोळे टिपले. दाराबाहेर अंबादास उभे होते. ते शिपायाला हळू आवाजात सांगत होते, ती निळी साडी नेसलेली माझी मुलगी, यंत्र तिने दुरुस्त केलं.

श्रीलताने ते ऐकलं. आज त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. ती ताठ बसली.

मॅडम मंगळवारी वर्गावर गेल्या.

पुढच्या तीन आठवड्यांत पूर्व भागातली त्रेसष्ट यंत्रं तपासली गेली. परवाना निलंबित असल्याने श्रीलताला हात लावता येत नव्हता. म्हणून डॉक्टर सौदागरांच्या दवाखान्यात ती खुर्चीवर बसून सांगायची आणि पुण्याहून आलेले तंत्रज्ञ उघडायचे. सदतीस जाळ्यांवर सूत निघालं. निळं, गुलाबी, एका जाळीवर पिवळं. एक आजोबा सहा महिने घरच्यांशी भांडत होते की मला दुपारी गुदमरतं, आणि घरचे त्यांना देवदेव करायला सांगत होते. त्यांची जाळी धुतली त्या दिवशी त्यांनी श्रीलताला आपल्या घरच्या ओट्यावर बसवून स्वतःच्या हाताने चहा करून दिला.

कंपनीने सूतगिरण्या आणि मागांच्या सगळ्या गावांसाठी सूचना काढली: इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी. तपासणी पहाटेऐवजी दुपारी, ओल्या हवेवर. कडी दर उन्हाळ्याआधी बदलायची. सूचनेत पद्धतीचं नाव छापलं होतं: येमूल चाचणी. परवाना परत आला. परचुरेंनी पत्रासोबत एक ओळ हाताने लिहिली होती, की बरणीचं माप मी नाकारलं होतं, क्षमस्व. श्रीलताने ती ओळ वाचली आणि पत्र जपून ठेवलं.

मग केतकी गानूने तिला पुण्याला बोलावलं. नव्या सहश्वासची आखणी चालू होती. टेबलाभोवती अकरा जण होते, आणि सगळे आपापल्या सुधारणा सांगत होते: दुसरी जाळी, ओलावा मोजणारी पट्टी, अधिक हुशार अंदाज. श्रीलताची पाळी आली तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. सील काढा आणि झाकणाला चार स्क्रू द्या, बाजारात मिळतात तसले. कोणीतरी सुरक्षिततेचा मुद्दा काढला. ती म्हणाली, की जे उघडून बघता येत नाही ते सुरक्षित आहे हे आपण फक्त त्याच्याच तोंडून ऐकतो. खोलीत थोडा वेळ वाद झाला. गानूने वाद होऊ दिला, आणि शेवटी फळ्यावर लिहिलं: चार स्क्रू.

दीड वर्षाने नव्या यंत्रांची पहिली पेटी सोलापूरला आली. दुपारची वेळ होती. श्रीलताने एक यंत्र बाहेर काढलं, टेबलावर पालथं घातलं आणि पेचकस घेतला. एक, दोन, तीन, चार. झाकण निघालं. जाळी चकचकीत होती, कडी मऊ होती, प्रत्येक तार जिथल्या तिथे होती. तिने सगळं नीट पाहून घेतलं, झाकण लावलं आणि स्क्रू एकेक करून पुरते आवळले. मग तिने रुग्णाच्या नावाचा कागद उचलला आणि पुढच्या खोलीतल्या माणसाला आत यायला सांगितलं.